एकट्याने गाठायचा थांबा : बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी सार्वजनिक वाहतुकीचे प्रशिक्षण

अमेरिकेतील अनेक बौद्धिक दिव्यांग मुलांच्या दाराशी रोज सकाळी शाळेची पिवळी बस येते. चालक ओळखीचा असतो, वेळ ठरलेली असते, आणि संध्याकाळी तीच बस मुलाला पुन्हा दाराशी आणून सोडते. मूल एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी शालेय व्यवस्थेतून बाहेर पडते आणि एका ठरावीक दिवसानंतर ती बस येईनाशी होते. नोकरीची जागा, दवाखाना, वाचनालय, तरणतलाव सारे जिथल्या तिथे असते. तिथवर नेणारे साधन मात्र उरत नाही. मग आई किंवा वडील गाडी काढतात. ते वीस वर्षे काढू शकतील, कदाचित तीसही. त्यापुढे काय, हा प्रश्न बहुतेक घरांत मोठ्याने विचारला जात नाही.

या प्रश्नावर गेल्या पाच दशकांत शोधले गेलेले एक पद्धतशीर उत्तर म्हणजे ‘ट्रॅव्हल ट्रेनिंग’, अर्थात प्रवास प्रशिक्षण. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला बस, रेल्वे किंवा मेट्रोने सुरक्षितपणे आणि एकट्याने ये-जा करता यावी, यासाठी दिले जाणारे हे शिक्षण आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शाळेच्या बैठकांतून भाषोपचार, व्यवसायोपचार हे शब्द परिचयाचे होतात. प्रवास प्रशिक्षण हा शब्द मात्र अनेकांच्या कानी उशिरा पडतो, आणि तोवर ते शाळेकडून विनामूल्य मिळण्याची मुदत संपत आलेली असते.

संज्ञा आणि व्याप्ती

पूर्वी प्रचलित असलेला ‘मतिमंद’ हा शब्द आता मागे पडला असून ‘बौद्धिक दिव्यांग’ ही संज्ञा रूढ होत आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यांतील जुनी संज्ञा २०१०च्या ‘रोझाज लॉ’ने बदलली. बौद्धिक दिव्यांगत्वाचे निदान केवळ बुद्ध्यंकावर होत नाही. विकासाच्या वयातच दिसू लागणारी बौद्धिक मर्यादा आणि त्यासोबत दैनंदिन व्यवहारकौशल्यांतील उणीव, अशा दोन्ही बाजू त्यात पाहिल्या जातात. या व्यवहारकौशल्यांच्या यादीत पैसे हाताळणे, दूरध्वनी वापरणे, स्वतःची सुरक्षितता सांभाळणे यांच्याबरोबर प्रवास करणे हेही आहे. म्हणजेच एकट्याने प्रवास न जमणे हा दिव्यांगत्वाचा एक भाग मानला जातो. मात्र व्यवहारकौशल्ये शिकवता येतात, आणि योग्य साहाय्य मिळाल्यास त्यांत सुधारणा होते. प्रवास प्रशिक्षणाची सारी इमारत या एका गृहीतकावर उभी आहे.

दृष्टिहीन व्यक्तींना पांढऱ्या काठीच्या साहाय्याने दिशाज्ञान आणि संचार शिकवण्याची शाखा याहून जुनी आणि वेगळी आहे. दृष्टिहीन व्यक्तीला वाट दिसत नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला ती दिसते, पण दिसलेल्यातून नेमके काय निवडायचे आणि अनपेक्षित घडल्यास काय करायचे, हे ठरवणे अवघड जाते. त्यामुळे दोन्हींच्या शिकवण्याच्या रीती भिन्न आहेत.

कायद्याचे अधिष्ठान

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांत असे प्रशिक्षण १९७०च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेत सर्व दिव्यांग मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क १९७५च्या कायद्याने मिळाला. पुढे ‘आयडिया’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या कायद्यात १९९७मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि १९९९च्या नियमावलीत प्रवास प्रशिक्षणाला विशेष शिक्षणाचा घटक म्हणून स्थान मिळाले. आपण राहतो त्या परिसराचे भान विकसित करणे आणि त्या परिसरात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुरक्षितपणे व परिणामकारकपणे जाण्याची कौशल्ये शिकणे, असे त्याचे दोन हेतू नियमात सांगितले आहेत. घर, शाळा, कामाची जागा आणि समाज अशी चारही क्षेत्रे त्यात येतात.

पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. मुलाला त्याची गरज असल्यास त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे ‘आयईपी’त, प्रवास प्रशिक्षणाचे उद्दिष्ट लिहून घेता येते. आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याचा विचार सोळाव्या वर्षापर्यंत सुरू व्हावा, असा संघीय नियम आहे. काही राज्यांत तो चौदाव्या वर्षीच सुरू होतो. शिक्षणाचा हक्क साधारणपणे एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत असतो. मिशिगनसारख्या राज्यात तो सव्विसाव्या वर्षापर्यंत जातो. सार्वजनिक शाळेतील विशेष शिक्षणासाठी नागरिकत्वाची अट नाही. आई-वडील नोकरीच्या व्हिसावर असले तरी मुलाचा हा हक्क अबाधित राहतो.

दुसरा आधार १९९०च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’चा. ज्यांना नेहमीची बस किंवा रेल्वे वापरता येत नाही, त्यांच्यासाठी वाहतूक संस्थेने ‘पॅराट्रान्झिट’ ही पर्यायी सेवा पुरवली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आदल्या दिवशी नोंदणी केल्यावर बहुधा छोटी गाडी येते. ही सेवा नियमित मार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात द्यावी लागते आणि तिचे भाडे नेहमीच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक आकारता येत नाही. सेवा मोलाची आहे. परंतु आदल्या दिवशी ठरवल्याशिवाय बाहेर पडता न येणे आणि गाडीची वाट पाहत राहणे, हा तिच्याशी जोडलेला अनुभवही सार्वत्रिक आहे. मित्राने संध्याकाळी सहज बोलावले, तर तिचा उपयोग होत नाही.

वाहतूक संस्थांचेही यात आर्थिक हित गुंतलेले आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१०मध्ये पॅराट्रान्झिटच्या एका फेरीचा सरासरी खर्च २९.३० डॉलर होता, तर नियमित मार्गावरील फेरीचा ८.१५ डॉलर. हा फरक साडेतीनपटींहून अधिक आहे. त्यामुळे अनेक वाहतूक संस्था प्रवास प्रशिक्षण विनामूल्य देतात. शिकागो परिसरातील ‘आरटीए’, सिअ‍ॅटल परिसरातील ‘किंग काउंटी मेट्रो’ यांचे असे कार्यक्रम आहेत. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाशी संलग्न ‘एनजेटिप’ हे काम करते. प्रशिक्षण ऐच्छिक असते आणि त्यात भाग घेतला म्हणून पॅराट्रान्झिटचा हक्क आपोआप संपत नाही. पात्रता सशर्तही असू शकते : शिकलेल्या मार्गावर नेहमीची बस, अन्य मार्गांवर पर्यायी सेवा. अर्ज भरताना हा भेद नेमकेपणाने लिहिणे हिताचे ठरते.

शिकवता येते, याचा पुरावा

तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना गुंतागुंतीचे काम शिकवता येत नाही, हा समज १९७०च्या दशकात प्रयोगांनीच मोडीत काढला. मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने अशा व्यक्तींना सायकलच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली. त्याची रीत साधी होती. कामाचे लहानात लहान टप्पे पाडायचे, शब्दांपेक्षा कृतीतून दाखवायचे, आणि चुकल्यास शिकणाऱ्याला दोष न देता शिकवण्याची तऱ्हा बदलायची.

हेच तत्त्व प्रवासाला लावले गेले. नॅन्सी नीफ, ब्रायन इवाटा आणि टेरी पेज यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच विद्यार्थ्यांना बसप्रवास वर्गातच शिकवला. बस ओळखणे, थांबवणे, चढणे, बसून राहणे आणि उतरणे असे त्याचे घटक पाडले. अभिनय, रस्त्याची लहान प्रतिकृती आणि पारदर्शिका यांचा वापर केला. आणि शहरातील खऱ्या बसमध्ये चाचणी घेतली. प्रशिक्षण संपल्यानंतर बारा महिन्यांपर्यंत हे कौशल्य टिकून असल्याचे आढळले. आणखी दोघांना प्रत्यक्ष बसमध्ये शिकवण्यात आले. तेही शिकले, पण त्यास वेळ आणि खर्च अधिक लागला. वर्गात पाया घालावा आणि रस्त्यावर पक्का करावा, असा सध्याचा कल आहे. केवळ वर्गातील शिक्षणावर थांबण्याची जोखीम मात्र सहसा घेतली जात नाही, कारण खऱ्या चौकातील गोंगाट आणि गर्दी कोणत्याही प्रतिकृतीत मावत नाही.

पात्रता कशी ठरते

वाचता येणे ही अट नाही. बसच्या कपाळावरील ‘६२’ हा आकडा हातातील कार्डावरील आकड्याशी जुळवता आला, तरी पुरते. घड्याळ वाचता येणेही अनिवार्य नाही. मोबाइलचा गजर वाजला की निघायचे, एवढे शिकवता येते. सुटे पैसे मोजण्याचा प्रश्न प्रवासकार्डाने बराच सोडवला आहे.

प्रशिक्षक पाहतात त्या गोष्टी निराळ्या असतात. रस्ता ओलांडताना व्यक्ती थांबते का, वळणारी गाडी तिच्या लक्षात येते का, आपण चुकलो हे तिला कळते का, मदत मागता येते का, अनपेक्षित आवाजाने किंवा गर्दीने ती भांबावते का, फिट्स किंवा तत्सम आजार आहे का. बोलता न येणाऱ्या व्यक्तीलाही चित्रकार्ड दाखवून मदत मागता येते. ‘तयार नाही’ असा निष्कर्ष निघाला, तरी तो कायमचा नसतो. कोणते पूर्वकौशल्य कमी आहे, हे त्यातून समजते आणि पुढील वर्षाचे उद्दिष्ट ठरते.

त्याचबरोबर मार्गाचीही परीक्षा होते. पदपथ नसलेला रस्ता, सिग्नलविना सहापदरी चौक, तासाला एक बस, अशा ठिकाणी अपात्र ठरतो तो मार्ग. दुसरा थांबा किंवा थोडा लांबचा, परंतु गाडी न बदलता होणारा प्रवास निवडला जातो.

प्रशिक्षणाची रीत

प्रशिक्षण एकास एक असते आणि एका ठरावीक मार्गापुरते असते. घर ते कामाची जागा हा पहिला मार्ग बहुधा निवडला जातो, कारण त्याला हेतू असतो आणि रोजचा सराव आपोआप घडतो.

प्रशिक्षक प्रथम स्वतः तो मार्ग अनेकदा चालून पाहतो आणि टप्प्यांची यादी करतो. सर्वसामान्य प्रवासी ‘बसने गेलो’ एवढ्या दोन शब्दांत सांगतो, त्याचे तीस-चाळीस टप्पे होतात. खिशात कार्ड आहे का पाहणे, थांब्याच्या खांबापासून एक पाऊल मागे उभे राहणे, आकडा पाहणे, आकड्याखालचे गावाचे नाव पाहणे, कार्ड यंत्राला लावून आवाज ऐकणे, शक्यतो चालकाच्या जवळची जागा घेणे, ठरलेली खूण दिसताच घंटी वाजवणे, बस पूर्ण थांबेपर्यंत न उठणे, उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता न ओलांडणे.

यांतील प्रत्येक टप्प्यामागे कोणाची तरी झालेली चूक असते. आकडा तोच, पण दिशा उलटी, ही त्यांतील सर्वाधिक परिचित. म्हणून रस्त्याची बाजू आणि गंतव्यस्थानाचे नाव वेगळे शिकवावे लागते. खूण निवडतानाही विचार लागतो. जाहिरातीचा फलक, उभी असलेली गाडी, फुललेले झाड ही कच्ची खूण. चर्चचा मनोरा, पूल, पाण्याची टाकी ही पक्की. नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे गेली की संध्याकाळचा परतीचा प्रवास अचानक अंधारात होऊ लागतो आणि उन्हाळ्यात पाठ झालेली खूण दिसेनाशी होते. कसलेले प्रशिक्षक म्हणूनच एक फेरी अंधारात आणि एक पावसात मुद्दाम करतात.

शिकवताना मदत मोजून दिली जाते. आधी काही काळ वाट पाहायची. जमले नाही तर ‘आता काय?’ एवढेच विचारायचे. नाही तर बोट दाखवायचे. आणि तरीही न जमल्यास कृती करून दाखवायची. जमू लागले की हीच मदत टप्प्याटप्प्याने मागे घ्यायची. प्रशिक्षक प्रथम शेजारी बसतो, मग मागच्या आसनावर, मग बसच्या दुसऱ्या टोकाला. पुढे तो बसमध्ये चढतच नाही. मागून गाडीने येतो किंवा उतरण्याच्या थांब्यावर उभा राहतो. अखेरीस पोहोचल्याचा फोन येतो, तेवढाच त्याचा सहभाग उरतो. सलग अनेक दिवस एकही महत्त्वाची चूक न होता प्रवास झाल्यावरच मार्ग ‘पूर्ण’ मानला जातो, आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी न कळवता पुन्हा पाहणी होते.

या रीतीचा कठीण भाग शिकवणे हा नसून मागे हटणे हा आहे. मदतीची सवय शिकणाऱ्यालाही लागते आणि देणाऱ्यालाही.

चुकण्याचा सराव

बस कधीतरी चुकणारच, मार्ग कधीतरी वळवला जाणारच. त्यामुळे चुका प्रशिक्षणातच घडवून आणल्या जातात. घंटी वाजवायची राहू दिली जाते आणि पुढच्या थांब्यावर उतरल्यावर काय करायचे, हे प्रत्यक्ष केले जाते. हरवल्याचे नियम मोजके असतात : जागेवर थांबायचे, फोन करायचा, फोन बंद असल्यास गणवेशातील चालक, स्थानकावरील कर्मचारी किंवा दुकानाच्या गल्ल्यावरील व्यक्ती यांच्याकडे जाऊन कार्ड दाखवायचे, कोणाच्याही गाडीत बसायचे नाही. कार्डावर नाव, संपर्काचे क्रमांक आणि ‘मला प्रवासात मदत लागू शकते’ एवढा मजकूर असतो. घराचा पूर्ण पत्ता कोणालाही दिसेल असा गळ्यात अडकवू नये.

अनोळखी व्यक्तीची परीक्षा हा अनेक कार्यक्रमांतील महत्त्वाचा टप्पा आहे. पालकांच्या संमतीने, विद्यार्थ्याला अपरिचित असलेला एक सहकारी त्याच्याजवळ येतो, गोड बोलतो, नाव-पत्ता विचारतो, सोबत चलण्याचा आग्रह करतो. विद्यार्थी बळी पडला तर तो नापास होत नाही. तो भाग पुन्हा शिकवला जातो. ही परीक्षा पाहणे पालकांना क्लेशदायक वाटते. परंतु तिच्याशिवाय दिलेली ‘एकट्याने जा’ ही परवानगी अधिक धोक्याची असते.

मोबाइलमुळे बरेच सुकर झाले आहे. उतरण्याची सूचना देणारी, छायाचित्रांतून पुढचा टप्पा दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. घरच्यांना ठिकाण कळते. पण बॅटरी संपते, फोन हरवतो, चोरीला जातो. फोनविना प्रवास जमल्यावरच फोन हे साहाय्य ठरते; तोवर ती कुबडी असते.

जोखमीचा सन्मान

‘काही झाले तर?’ हा प्रश्न रास्त आहे. बसमध्ये टवाळी होते, पाकीट मारले जाते, माणूस हरवतो. हे धोके काल्पनिक नाहीत, आणि मुलींच्या पालकांची काळजी तर अधिकच साधार असते. रॉबर्ट पर्स्की या अमेरिकी लेखकाने १९७२मध्ये ‘जोखमीचा सन्मान’ ही कल्पना मांडली. स्कँडिनेव्हियन देशांत बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना रोजच्या जीवनातील सामान्य धोके पत्करू दिले जातात, हे त्याने पाहिले होते. माणसाला प्रत्येक धोक्यापासून दूर ठेवणे म्हणजे त्याच्या वाढीची शक्यता आणि त्याचे माणूसपण नाकारणे होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

याचा अर्थ धोका डोळे झाकून पत्करावा असा नाही. कोणता धोका शिकवून कमी करता येतो, कोणता मार्ग बदलून टाळता येतो, आणि उरलेला कोणता स्वीकारण्याजोगा आहे, हे वेगवेगळे लिहून काढणे म्हणजे जोखमीचा सन्मान. घरी बसण्याचेही धोके आहेत : एकाकीपणा, खालावणारे आरोग्य, आणि पालक अंथरुणाला खिळल्याच्या दिवशी एकाएकी सर्वस्वी परक्या हाती जाणे. हे धोके हळूहळू येतात, म्हणून मोजले जात नाहीत, इतकेच.

मराठी घरातील काही विशेष

मराठी घरात लहानपणापासून प्रत्येक मोठ्या माणसाला काका, मावशी, दादा, आजी म्हणायला शिकवले जाते. त्यामागील आपुलकी खरी आहे. परंतु शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाच्या जगात मग अनोळखी असे कोणी उरतच नाही. प्रशिक्षकाने ‘स्ट्रेंजर’ म्हटले की मुलाला त्याचा अर्थ लागत नाही, कारण थांब्यावरचा गृहस्थ त्याच्या लेखी ‘काका’ असतो. यावर उपाय सोपा आहे. नात्याचा शब्द नावासह आणि छायाचित्रासह ओळखीच्या माणसांपुरता ठेवावा. इतरांसाठी ‘बसमधला माणूस’, ‘दुकानातली बाई’ असे तटस्थ शब्द वापरावेत. दिलेला खाऊ नम्रपणे घ्यावा, या शिकवणीलाही बसच्या दारात मुरड घालावी लागते.

भाषेचाही प्रश्न येतो. घरी मराठी आणि थांब्यावर इंग्रजी असेल, तर सूचनेचे शब्द दोन्हीकडे तेच ठेवावेत. ‘स्टॉप रिक्वेस्टेड ऐकू आलं की उठायचं नाही, बस थांबली की उठायचं,’ असे मराठी वाक्यात इंग्रजी संकेत तसाच गुंफून बोलल्यास गोंधळ टळतो. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांनाही ही पद्धत समजावून सांगावी लागते. नाही तर सहा आठवडे मागे घेतलेली मदत मायेपोटी एका दुपारी परत येते.

तिसरी गोष्ट घराच्या निवडीची. उत्तम शाळांच्या ओढीने घेतलेले उपनगरातील घर बहुधा बसमार्गापासून दूर असते. मूल लहान असताना ते जाणवत नाही. निवृत्तीपूर्वी घर बदलण्याचा विचार असणाऱ्या कुटुंबांनी आयकराइतकेच थांब्याच्या अंतराकडे पाहावे. पुढची तीस वर्षे घरातील एका माणसाचे स्वातंत्र्य त्या अंतरावर अवलंबून असते.

ब्रिटनमध्ये आणि महाराष्ट्रात

ब्रिटनमधील अनेक स्थानिक प्रशासने शाळांमार्फत ‘इंडिपेंडंट ट्रॅव्हल ट्रेनिंग’ देतात. ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ची मार्गदर्शक-सोबतीची सेवाही आहे, पहिल्या काही फेऱ्यांत मार्गदर्शक विनामूल्य बरोबर येतो. इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला बसचा मोफत पास मिळू शकतो. अमेरिकेत संघीय निधी घेणाऱ्या वाहतूक संस्थांना गर्दी नसलेल्या वेळी दिव्यांगांकडून निम्म्याहून अधिक भाडे घेता येत नाही. २०१६मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली सूर्यफुलाच्या चिन्हाची हिरवी फीत आता अनेक देशांत ‘न दिसणारे दिव्यांगत्व’ सूचित करते. ती वापरावी की नाही, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते. काही ठिकाणी अशी खूण मदतीइतकीच गैरफायद्यालाही आमंत्रण देते.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या विसाव्या कलमात संचारकौशल्यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने हा करार २००७मध्ये स्वीकारला. अमेरिकेने त्यावर २००९मध्ये स्वाक्षरी केली, पण अद्याप तो अंगीकारलेला नाही. तरीही प्रवास प्रशिक्षणाचा नेमका नियम अमेरिकेत आहे. भारतीय रेल्वेच्या सवलतींत बौद्धिक दिव्यांगांसाठीची तरतूद ‘सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या’ व्यक्तींसाठी आहे आणि तिचा लाभ सोबत्यालाही मिळतो. दृष्टिहीन प्रवाशाला एकट्याने जातानाही सवलत आहे. बौद्धिक दिव्यांग माणूस एकटा निघेल, ही शक्यता नियमाच्या भाषेत अद्याप उतरलेली नाही.

मुंबईच्या लोकलसाठी टप्प्यांची यादी करू गेल्यास काम किती कठीण आहे, हे दिसते. धीमी आणि जलद, फलाटाची बदलती बाजू, काही सेकंदांचा थांबा, बहुतेक गाड्यांची उघडी दारे. पण तिथे अमेरिकी उपनगरात दुर्मीळ असलेली एक गोष्टही आहे : रोज त्याच डब्यात भेटणारी तीच माणसे. एखाद्याचे स्थानक आले आणि तो उठला नाही, तर चार जण त्याला हाक मारतात. प्रशिक्षणशास्त्रात ज्याला नैसर्गिक आधार म्हणतात, तो हाच.

सुटीत भारतात आलेल्या कुटुंबांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून मूल रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहायला शिकलेले असते. पुण्यात किंवा मुंबईत तीच पक्की झालेली सवय घातक ठरते. एका शहरात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या शहरात आपोआप जात नाही. तिथे नव्याने शिकवेपर्यंत सोबत हवीच.

पालकांनी कधी काय करावे

दहाव्या-बाराव्या वर्षापासून गाडी घरी ठेवून अधूनमधून मुलासह बसने जावे. मार्ग त्याने दाखवावा, कार्ड त्याने लावावे. चौदाव्या वर्षाच्या सुमारास आराखड्याच्या बैठकीत प्रवास प्रशिक्षणासाठी मूल्यमापनाची लेखी मागणी करावी. नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागण्याचा पालकांना हक्क आहे. उद्दिष्ट मोघम नसावे. ‘समाजात वावरता येईल’ असे न लिहिता कोणता मार्ग, किती मदतीने, किती दिवस सलग, हे नोंदवावे. सोळा ते अठरा या काळात पहिला मार्ग पूर्ण व्हावा आणि शाळा संपण्यापूर्वी दुसरा, कारण दुसऱ्या मार्गाला बहुधा पहिल्याहून कमी वेळ लागतो. शाळा संपल्यावर नोकरी मिळाली, तर त्या मार्गासाठी स्थानिक वाहतूक संस्थेकडे किंवा राज्याच्या व्यवसाय पुनर्वसन विभागाकडे विचारणा करावी.

हे सर्वांना जमेल असे नाही. काहींना एकच मार्ग जमेल, काहींना सोबत लागेलच, आणि सोबतीने केलेला प्रवासही प्रवासच असतो. परंतु ‘जमणार नाही’ हा निर्णय मूल्यमापनाआधी, केवळ भीतीपोटी घेतलेला नसावा.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात प्रशिक्षक थांब्यावर येत नाही आणि पालकांनीही येऊ नये, असे सांगितले जाते. त्या सकाळी घरात बसून फोनकडे पाहत राहणे हे वीस वर्षे गाडी चालवण्याहून अवघड असते. चाळीस टप्प्यांची यादी मुलाची असते. हा एक टप्पा आई-वडिलांचा. तो त्यांच्या हातून पुरा झाला, तरच थांब्यावर उभ्या असलेल्या तरुणाची बस खऱ्या अर्थाने सुटते.